स्नायूंची किल्ली, आणि तिचा जोडीदार

दंडातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच असतो. शाळेत आपण हे वाक्य पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण पोथी तीच असताना एक पेशी स्नायूचाच अध्याय का वाचते आणि दुसरी यकृताचाच का? माझं पोटापाण्याचं काम यंत्रांच्या नियंत्रणाचं. त्यामुळे "हे ठरवतं कोण?" हा प्रश्न मला जीवशास्त्रातही गप्प बसू देत नाही. स्नायूंच्या बाबतीत त्याचं उत्तर कसं सापडलं, त्याची ही हकीकत.

१९७७ साली कॉन्स्टँटिनिडेस, पीटर जोन्स आणि गेव्हर्स यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केलं. उंदराच्या गर्भातून वाढवलेल्या साध्या पेशींना त्यांनी अ‍ॅझासायटिडीन हे कर्करोगावरचं औषध दिलं होतं, आणि त्यातल्या काहींचे चक्क स्नायू झाले! हे औषध डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा पुसतं, हे जोन्स यांनी १९८० साली दाखवलं. म्हणजे एखादं कुलूपबंद जनुक उघडत होतं. पण कोणतं?

याचा माग सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रात हॅरॉल्ड वाइनट्राउब यांच्या प्रयोगशाळेने काढला. १९८६ साली त्यांनी औषधाने बदललेल्या पेशींचा डीएनए ताज्या पेशींत घातला. त्यांचेही स्नायू झाले, आणि ते ज्या प्रमाणात झाले त्यावरून एकच जनुक पुरत असावं असं दिसलं. मग स्नायूपूर्व पेशींत चालू असलेल्या जनुकांच्या यादीतून साध्या पेशींतही चालू असलेली वजा केली. उरलेल्यांपैकी एक साध्या पेशींत घालताच त्या स्नायूच्या वाटेला लागल्या. डेव्हिस, वाइनट्राउब आणि लासर यांचा हा शोध १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्या जनुकाचं नाव मायोडी. १९८९ साली रंगद्रव्याच्या, मज्जेच्या आणि चरबीच्या पेशींतही त्याने स्नायूंची जनुकं चालू करून दाखवली.

मायोडीचं प्रथिन करतं काय? ते डीएनएवर सहा अक्षरांचा एक शब्द शोधतं: सी-ए, मग कुठलीही दोन अक्षरं, मग टी-जी. एकटं मात्र ते बसत नाही, जोडीदार लागतो. पेशीत हा जोडीदार बहुधा ई-प्रथिनांपैकी एक असतो. १९९४ साली मायोडीच्याच दोन रेणूंची जोडी डीएनएवर बसलेली स्फटिकात दिसली. चिमट्याच्या दोन पात्यांसारखी त्यांची सर्पिलं डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरतात आणि प्रत्येक पातं अर्धा शब्द वाचतं. १९९० साली सापडलेलं आयडी नावाचं प्रथिन तर भलतंच लबाड. त्याला डीएनए धरणारं पातंच नाही. ते जोडीदाराला पळवतं आणि मायोडीला हात चोळत बसवतं.

आता थोडा हिशेब. चार ठरलेली अक्षरं असलेला हा शब्द योगायोगानेच दर २५६ अक्षरांमागे एकदा येणार. उंदराच्या सुमारे २७० कोटी अक्षरांत तो कोटभर वेळा असणार. म्हणजे नुसता पत्ता पुरत नाही, दारही उघडं लागतं. २०१० साली स्नायूपेशींचा पूर्ण जीनोम तपासला तेव्हा मायोडी हजारो ठिकाणी बसलेलं आढळलं, पण कोटभर ठिकाणी नव्हे. १९९० सालीच दिसलं होतं की पेशीचा पूर्वेतिहास वेगळा असेल, तर ती मायोडीला वेगळी दाद देते.

खरा धक्का मात्र १९९२ सालचा. रुडनिकी, येनिश आणि सहकाऱ्यांनी मायोडी नसलेले उंदीर जन्माला घातले. त्यांचे स्नायू जवळपास व्यवस्थित! त्यांच्यात मायफ-५ हे भावंड-जनुक जास्त चालू होतं. १९९३ साली दोन्ही जनुकं काढली, तेव्हा मात्र हाडांना जोडलेले स्नायू बनलेच नाहीत आणि पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. आमच्या भाषेत सांगायचं तर निसर्गाने इथे बॅकअप ठेवला होता. तोही पूर्ण तोडीचा नाही, कारण १९९६ साली आढळलं की मायोडी नसलेल्या उंदरांचे दुखावलेले स्नायू नीट भरून येत नाहीत.

"घालून पाहिलं, काम झालं" आणि "काढून पाहिलं, काम अडलं" या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. मायोडी पहिलीत पहिला आला. दुसरीत त्याला भावंडाने झाकलं. एकच परीक्षा घेतली असती तर आपण एक तर त्याला सर्वाधिकारी ठरवलं असतं, नाही तर निरुपयोगी.

वाइनट्राउब १९९५ साली मेंदूच्या कर्करोगाने गेले, अवघ्या ४९ व्या वर्षी. २००६ साली यामानाका यांनी चार जनुकं घालून त्वचेतल्या पेशी मूळपदाला नेल्या (२०१२ चं नोबेल त्याचंच). ते पाहायला ते नव्हते. जनुक घालून पेशीची जात बदलता येते, हे त्याआधी मायोडीने दाखवलं होतं. पुढे ड्यूशेन आजाराच्या रुग्णांच्या त्वचेतल्या पेशींना मायोडीच्या मदतीने स्नायूकडे वळवून त्यांच्यावर उपचार तपासून पाहिले गेले.

तेव्हा मंडळी, "अमुक गोष्टीचं जनुक सापडलं" अशी बातमी पेपरात वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. ते काढून पाहिलं का? आणि त्याचा जोडीदार कोण?