ताणाचा स्विच: सिलिकॉनपासून ग्राफीनपर्यंत

फ्रीमाँटमधल्या आपल्या मुलांना ट्रान्झिस्टर म्हणजे काय असे विचारा. 'व्होल्टेजने चालणारा स्विच,' हे उत्तर चटकन मिळेल. पण हा स्विच ताण देऊनही बदलता येतो, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

१९५४ साली बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियमवर ताण देऊन त्यांचा विद्युतरोध मोजला. तो धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलत होता. ताणाने अणूंमधले अंतर बदलते आणि त्यासोबत इलेक्ट्रॉनांच्या वाटाही बदलतात. या मोजणीवर आधी प्रेशर सेन्सर बनले. संगणकाच्या स्विचला मात्र अर्धे शतक थांबावे लागले. इंटेलचे ९० नॅनोमीटरचे पेंटियम २००४ मध्ये आले, तेव्हा त्यांतले काही ट्रान्झिस्टर सिलिकॉन-जर्मेनियम भरून मुद्दाम दाबलेले होते, तर काही वरच्या थराने ताणलेले. त्यामुळे त्यांतून जास्त प्रवाह वाहू लागला.

कार्बनची गोष्ट आपल्या जवळच घडली. २००० साली डंबार्टन पुलापलीकडे, स्टॅनफर्डमध्ये, होंगजिए दाई यांच्या गटाने कार्बनच्या नॅनोनळीला सूक्ष्म टोकाने ढकलले. तिची वाहकता सुमारे शंभरपट घसरली. टोक मागे घेताच ती पूर्ववत झाली.

ही नळी उभी चिरून सपाट केली तर मिळेल ते ग्राफीन: एका अणूच्या जाडीची जाळी. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी ती वेगळी करून तिचे विद्युतगुण मोजले. अडचण एवढीच, की हा स्विच पुरता बंदच होत नाही. २००९ च्या एका गणितानुसार, एकाच दिशेने ओढून तो बंद करायचा तर २० टक्क्यांहून अधिक ताण हवा. आणि साधारण २५ टक्क्यांवर ग्राफीन तुटते.

म्हणून संशोधक ताणाचे इतर परिणाम तपासू लागले. २०१० मध्ये बर्कलीत ग्राफीनच्या सूक्ष्म फुगवट्यांत इलेक्ट्रॉन असे वागताना दिसले, जणू ते ३०० टेस्लाहून प्रबळ चुंबकीय क्षेत्रात आहेत; प्रत्यक्षात तिथे चुंबक नव्हता. त्याच वर्षी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मंदार देशमुख यांच्या गटाने अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची कंपने मोजली. तापमानाबरोबर ताण बदले आणि तंबोऱ्याच्या तारेसारखी कंपनसंख्याही.

ग्राफीनचा स्विच अजून तुमच्या फोनमध्ये आलेला नाही. 'मग याचा उपयोग काय?' असे मुलांनी विचारले, तर त्यांना १९५४ आणि २००४ ही दोन साले सांगा.