हाताला आलेली विद्या आणि कागदावरची पदवी

कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या तोंडी आजकाल 'क्रेडिट' हा शब्द सारखा असतो. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात ३० तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक धरला आहे. वर्गाबाहेर, कामावर मिळवलेलं ज्ञानही तपासून त्यात जमा करता येईल, असंही म्हटलं आहे. हे वाचलं आणि मनात आलं, हा प्रश्न कोल्हापूरला कुठे नवा आहे? आपलं गाव नावारूपाला आलं ते कागद नसलेल्या हुन्नरी माणसांमुळेच.

बाबूराव पेंटरांचंच बघा. जन्म १८९० चा. शाळा लवकर सुटली. चित्रकला, मूर्तिकाम बघून बघून हाताला आलेलं. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये इथेच 'प्रभात' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. १९३६ च्या 'संत तुकाराम'चं पुढच्याच वर्षी व्हेनिसला कौतुक झालं. यांतलं कुणी सिनेमाच्या शाळेत गेलं नव्हतं, कारण तेव्हा इथे तशी शाळाच नव्हती. पुढे १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली, ती याच प्रभातच्या जागेत. ज्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता, त्यांच्या अंगणात आज डिप्लोमे मिळतात!

विद्यापीठांना हे कळत नव्हतं असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकले, पण मॅट्रिक झाले नाहीत. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, 'कमवा आणि शिका' रुजवलं. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ते गेले. पण डी.लिट. हा मान झाला, मोजमाप नव्हे. मान थोरांना मिळतो. बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांसाठी दारं उघडली गेली, हेही खरं. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच कॉलेजात न जाणाऱ्यांना परीक्षेला बसू दिलं. आपल्याकडे बहिस्थ परीक्षा आल्या, दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यास करून पदवीकडे जाता आलं. केवढ्या सुना आणि कामगार त्यामुळे पदवीधर झाले! पण या सगळ्यांत दार उघडतं, जिना मात्र पहिल्या पायरीपासूनच चढावा लागतो.

शिक्षक म्हणून मी प्रौढांचे १७ नंबरचे फॉर्म पुष्कळ भरून दिले. त्यांतला एक ओतकामातला होता. वीस वर्षं साचे भरत होता. वाळू मुठीत दाबून ओल कमी की जास्त ते सांगायचा. दहावी झाला, मग रजा आणि पाळ्या सांभाळत डिप्लोमाला बसला. तिथे त्याला साचा कसा भरायचा हेच पहिल्यापासून शिकवलं. मजुरी बुडत होती, घरात दोन मुली. वर्षभराने त्याने सोडून दिलं. त्याला गणित येत नव्हतं, ते शिकायलाच हवं होतं. पण साचा येत होता. काय येतं आणि काय येत नाही, हे निवडून बाजूला काढायचं, एवढंच तर करायचं होतं.

इतर देशांत हे झालंय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांचं लष्करी शिक्षण कॉलेजांनी मोजून घेतलं. फ्रान्सने २००२ मध्ये कायदाच केला. तिथे कामाचा अनुभव पारखून पदवीही देता येते. आपल्याकडे जून २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदवी जाहीर झाली, तिचे निम्मे श्रेयांक लष्करातल्या प्रशिक्षणाचे. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्याला याचं मोल सांगायला नको.

दोन्हीकडे सैनिकांपासूनच सुरुवात का झाली? कारण लष्करात नोंद असते. कुणी, काय, किती दिवस शिकवलं आणि परीक्षा कशी घेतली, सगळं कागदावर. उद्यमनगरातल्या मेस्त्रीची विद्या मात्र त्याच्या बोटांत. ती तपासायला बोटांचं काम जाणणाराच परीक्षक हवा.

आणि तपासणी हवीच. नुसती वर्षं भरली म्हणून श्रेयांक देणं म्हणजे हजेरीवर पास करणं. मग या कागदाचाही बाजार मांडायला वेळ लागणार नाही. आपल्या तालमीत वस्ताद पोराला किती वर्षं येतोस हे विचारत बसत नाही, लाल मातीत जोड लावून बघतो. विद्यापीठांनी एवढं केलं तरी पुरे.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. घरात, ओळखीत असा कुणी कामगार, शिवणकाम करणारी, वायरमन असेल, तर त्याला एक वही द्या. कोणतं काम, कुठे, कधी, कुणाच्या हाताखाली शिकलो ते तारखांसह लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या. उद्या कुणी मोजायला आलंच, तर दाखवायला काहीतरी असेल.