पवनऊर्जा : लाभ आणि मर्यादा

वाहत्या वाऱ्यातील गतिज ऊर्जेपासून निर्माण केलेली वीज म्हणजे पवनऊर्जा. वाऱ्याच्या दाबाने पवनचक्कीची पाती फिरतात आणि त्यांच्या आसाला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील ऊर्जा आठपट होते. त्यामुळे पवनचक्की कोठे उभारावी, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. वारा फुकट मिळतो. पण तो कोठे आणि केव्हा वाहावा, हे माणसाच्या हाती नाही. पवनऊर्जेचे बहुतेक लाभ व मर्यादा यातूनच उद्भवतात.

महाराष्ट्रातील वाटचाल

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड येथे १९८० च्या दशकात राज्यातील सुरुवातीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी ही पठारे पवनचक्क्यांनी व्यापली. पुढे सांगलीतील ढालगाव आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसराची त्यात भर पडली. राज्याची स्थापित क्षमता आता पाच हजार मेगावॉटच्या वर आहे. देशाने २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटचा टप्पा ओलांडला. त्यात गुजरात व तामिळनाडू अग्रेसर आहेत.

लाभ

पवनचक्कीला कोळसा लागत नाही आणि वीजनिर्मिती होताना धूर व राखही निर्माण होत नाही. औष्णिक केंद्राप्रमाणे तिला थंडाव्यासाठी पाणीही लागत नाही. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या राज्यात ही मोठी जमेची बाजू आहे. प्रत्यक्ष मनोऱ्याखाली थोडीच जागा अडकते; उरलेल्या जमिनीवर शेती वा चराई सुरू राहू शकते. इंधनच नसल्यामुळे इंधन दरवाढीचा धोकाही नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौरवीज घटते, नेमक्या त्याच काळात सह्याद्रीवर वारा जोमाने वाहतो. त्यामुळे हे दोन स्रोत परस्परांना पूरक ठरतात.

मर्यादा

राज्यातील पवनविजेचा मोठा वाटा पावसाळ्याच्या महिन्यांतच मिळतो. रब्बी हंगामात कृषिपंपांना वीज हवी असते, तेव्हा वारा मंदावलेला असतो. जुन्या पवनचक्क्या वर्षभरात क्षमतेच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्साच वीज देतात. म्हणूनच शंभर मेगावॉटचा पवन प्रकल्प म्हणजे शंभर मेगावॉटचे औष्णिक केंद्र नव्हे. वारा पडल्यावर मागणी भागवण्यासाठी दुसरी सोय हाताशी ठेवावीच लागते.

वाऱ्याची पठारे ही वन्यजीवांचीही वसतिस्थाने असतात. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडी पठाराचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण सुमारे चौपटीने कमी, तर त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या अधिक आढळली. याशिवाय डोंगरातील रस्त्यांसाठी होणारे खोदकाम, पात्यांचा आवाज आणि निकामी पात्यांची विल्हेवाट हे प्रश्न आहेतच.

गैरसमज

पवनचक्क्या ढग पळवून लावतात, अशी समजूत २००० च्या दशकात दुष्काळी पट्ट्यात पसरली होती. तिला शास्त्रीय आधार नाही. मोसमी वारे हजारो किलोमीटर पसरलेले असतात आणि पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत वाढतात. त्यापुढे काही दशक मीटर उंचीच्या मनोऱ्यांचा प्रभाव नगण्य ठरतो. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस कमी पडतो, तो पर्जन्यछायेमुळे. मात्र जमीन गावाची आणि लाभ बाहेरच्यांचा, ही भावना अशा समजुतींना बळ देते. मोबदला व रोजगाराचे व्यवहार पारदर्शक नसतील, तर केवळ शास्त्रीय खुलासा पुरेसा ठरत नाही.

पुढील दिशा

सुरुवातीच्या काळात घसाऱ्यावरील करसवलतीमुळे या क्षेत्रात गुंतवणूक आली. ही सवलत यंत्र उभारण्यावर मिळत असे. वीज किती निर्माण झाली, याच्याशी तिचा संबंध नव्हता. केंद्र सरकारने २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्मितीवर प्रतियुनिट ५० पैसे प्रोत्साहन देणारी योजना आणली, तर २०१७ पासून स्पर्धात्मक निविदांची पद्धत आली.

आज उत्तम वाऱ्याच्या अनेक जागा दोन-तीनशे किलोवॉटच्या जुन्या यंत्रांनी अडवल्या आहेत. त्यांच्या जागी दोन-तीन मेगावॉटची उंच यंत्रे बसवल्यास कमी मनोऱ्यांतून अधिक वीज मिळू शकेल आणि नव्या पठारांवरील भार टळेल. वाऱ्याची अनिश्चितता झेलण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या घाटघरच्या धर्तीवरील उदंचन जलविद्युत प्रकल्प उपयोगी पडतील. पवनऊर्जा एकटीने कोळशाची जागा घेऊ शकणार नाही. सूर्य, पाणी आणि साठवणूक यांच्या जोडीने मात्र तिचे मोल निश्चित वाढते.