‘बॉयकॉट’ आणि ‘बहिष्कार’ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द आज मराठी भाषकाला परका राहिलेला नाही. मतदान, सभा, चित्रपट, परदेशी माल अशा अनेक बाबींसंदर्भात तो सहज वापरला जातो. त्याला ‘बहिष्कार’ हा मराठी पर्याय रूढ असून दोन्ही शब्द समानार्थी मानले जातात. तथापि, या दोन शब्दांमागील सामाजिक अनुभव परस्परविरुद्ध आहेत. हा भेद इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. इंग्रजी शब्दाचा उगम

‘बॉयकॉट’ हे मुळात एक आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात सूट मागितली. ती पुरेशी न मिळता त्यांच्यावर जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावण्यात आल्या. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी एक मार्ग सुचविला होता : बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी सर्व व्यवहार थांबवावेत. हाच मार्ग बॉयकॉटविरुद्ध अनुसरला गेला. मजूर व घरगडी काम सोडून गेले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. अखेर नोव्हेंबरमध्ये बाहेरून आणलेल्या सुमारे पन्नास मजुरांनी लष्कर व पोलिसांच्या बंदोबस्तात पीक काढले. सुमारे पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज सांगितला जातो. त्याच वर्षी हे आडनाव क्रियापद बनले व पुढे अन्य युरोपीय भाषांतही गेले.

येथे निर्बलांनी सबळाविरुद्ध हे साधन वापरले. परंतु पार्नेल यांनी उपमा दिली ती समाजाने दूर ठेवलेल्या कुष्ठरोग्याची, ही बाब लक्षणीय आहे. साधन नवे असले तरी त्याचा नमुना जुन्या सामाजिक बहिष्करणाचाच होता.

२. मराठीतील पूर्वार्थ

महाराष्ट्रात हा नमुना अपरिचित नव्हता. ‘वाळीत टाकणे’, ‘जातीबाहेर काढणे’, ‘ग्रामण्य’ हे शब्द त्याचीच साक्ष देतात. रोटी-बेटी व्यवहार बंद करण्याचा अधिकार जातीकडे होता. १८९० च्या पुण्यातील पंचहौद मिशन चहा प्रकरणात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांनाही ग्रामण्याला सामोरे जावे लागले. येथे बहिष्कार हे व्यक्तीला शिस्त लावण्याचे समाजाचे शस्त्र होते.

३. राजकीय अर्थाचा स्वीकार

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील सभेत वंगभंगाविरुद्ध विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी लोकमानसात रुजविली. जातीच्या दंडाला दिलेला जुनाच शब्द आता राष्ट्रीय प्रतिकाराचे नाव झाला. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी परीक्षाविषयक कामावर टाकलेला बहिष्कार याच परंपरेतील होय.

४. बहिष्कृतांचा अनुभव

जुना अर्थ मात्र संपला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली व १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. ही नावेच त्या अर्थाचा पुरावा आहेत. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदविले की, अस्पृश्यांनी हक्क बजावू पाहिल्यास गावातील सवर्ण आपल्या आर्थिक सत्तेचा शस्त्रासारखा उपयोग करतात : जमीन काढून घेणे, काम न देणे, दुकानदाराने जिन्नस न विकणे. हीच कृत्ये १८८० मध्ये मेयोत घडली होती. फरक होता तो सत्तेच्या दिशेचा. म्हणूनच आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी केली.

मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

निष्कर्ष

मराठी वाक्यरचनेतही हा भेद टिकून आहे. ‘मतदानावर बहिष्कार टाकला’ असे म्हणताना बोलणारा स्वतः व्यवहारातून बाहेर पडतो. ‘कुटुंबाला वाळीत टाकले’ असे म्हणताना दुसऱ्याला बाहेर काढले जाते. ‘बहिष्कृत’ हे विशेषण तर बहुधा माणसालाच लागते, मालाला नाही. तेव्हा ‘बहिष्कार’ हा शब्द समोर आल्यास तो कोणी, कोणावर आणि कोणत्या बळावर टाकला, हे प्रथम पाहिले पाहिजे. एका अर्थी तो नागरिकाचा हक्क आहे. दुसऱ्या अर्थी तो आज महाराष्ट्रात दंडनीय अपराध आहे. शब्द एक असला तरी अभ्यासकाने हे दोन इतिहास एक मानू नयेत.