जहाज नसलेल्या जहाजावरचे जन्म

पोर्टस्मथ, प्लिमथ, चॅटम ही इंग्लंडमधली आरमारी गावे. तिथले 19व्या शतकाच्या उत्तरार्धातले खानेसुमारीचे तक्ते वाचताना जन्मस्थळाच्या रकान्यात मधूनच ‘असेन्शन’ असे लिहिलेले आढळते. बाप आरमाराचा मरीन सैनिक किंवा त्याच नोकरीतून निवृत्त झालेला, थोरले मूल गावातच जन्मलेले, मधले असेन्शनचे, धाकटे पुन्हा गावचे. वंशावळ जुळवणारे बहुतेक जण या मधल्या मुलापाशी अडतात. 1 जुलै 1837 पासून इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली, त्याआधीच्या काळासाठी पॅरिशच्या चर्चमधल्या वह्या आहेत. हे मूल मात्र दोन्हींत सापडत नाही. मग लोक बेटाच्या दप्तराची चौकशी करतात आणि तिथेच वाट चुकते.

असेन्शन हे दक्षिण अटलांटिकमधले 88 चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीचे बेट. सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे 1,300 किलोमीटरवर. 15 ऑक्टोबर 1815 रोजी नेपोलियनला घेऊन आलेल्या जहाजाने सेंट हेलेनाला नांगर टाकला. त्याला सोडवायला येणाऱ्या फ्रेंचांनी असेन्शनचा तळ करू नये म्हणून अ‍ॅडमिरल जॉर्ज कॉकबर्न यांनी ‘झेनोबिया’ आणि ‘पेरूव्हियन’ ही दोन जहाजे तिकडे धाडली. 22 ऑक्टोबरला निर्मनुष्य बेटावर ब्रिटिश निशाण लागले. बेटाला स्वतःचे रहिवासी नव्हते, म्हणून मुलकी कारभारही नव्हता. आरमाराच्या कचेरीला जहाजाखेरीज दुसरे काही चालवायचे माहीत नव्हते. तिने बेटच जहाज म्हणून पटावर चढवले: लहान वर्गातले ‘स्लूप’, नाव ‘असेन्शन’. बेटावर राहणारा माणूस कागदोपत्री खलाशी ठरला.

ही गंमत वाटेल, पण साऱ्या शोधाची किल्ली इथे आहे. 5 मे 1821 रोजी नेपोलियन वारला, बेट राखण्याचे मूळ कारण संपले, तरी आरमाराने ते सोडले नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजे पकडणाऱ्या ताफ्याला पाणी, रसद आणि रुग्णालय हवे होते. 1823 पासून बेटाचा ताबा रॉयल मरीन्सकडे आला. आधी एडवर्ड निकोल्स आणि 1828 पासून कॅप्टन विल्यम बेट (आडनाव खरेच बेट) यांनी रस्ते, टाक्या आणि नळ करून घेतले. पाण्याची टंचाई एवढी, की बेटावरच्या ग्रीन माउंटन डोंगराच्या उंचावरचे झरे नळाने खालच्या वस्तीपर्यंत आणावे लागले. जुलै 1836 मध्ये ‘बीगल’वरून आलेल्या चार्ल्स डार्विनने नोंदवले आहे की बेटावर मरीन सैनिक आणि गुलामांच्या जहाजांतून सोडवलेले काही आफ्रिकी एवढेच लोक होते, साऱ्यांचा पगार आणि शिधा सरकारी, खासगी म्हणावा असा माणूस एकही नव्हता.

डार्विनचा हा शेरा वंशावळीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. खासगी माणूस नाही, म्हणजे बेटावरची प्रत्येक आई कुणातरी पगारी माणसाशी बांधलेली. हा माझा निष्कर्ष, डार्विनचा नव्हे, पण तो कागदांवर टिकतो. म्हणून मूल शोधू नका, बाप शोधा, आणि बाप शोधायचा तर त्याचे जहाज शोधा.

इथे दुसरा खड्डा आहे. सैनिक नेहमी ‘असेन्शन’ याच नावाखाली सापडेल असे नाही. शतकाच्या मध्याला बेटालगत ‘टॉर्टॉईज’, पुढे ‘मिअँडर’, मग ‘फ्लोरा’ अशी जुनी जहाजे कोठारे किंवा पहाऱ्याची जहाजे म्हणून उभी असत आणि बेटावरची माणसे त्यांच्या पटावर मांडली जात. पणजोबा ‘टॉर्टॉईज’वर होते हे वाचून वारस त्या जहाजाच्या सफरी शोधत बसतो. ‘टॉर्टॉईज’ची सफर केव्हाच संपली होती आणि पणजोबा बेटावरच्या जॉर्जटाउन या वस्तीतल्या बराकीत होते. 1861 पासून परदेशी असलेल्या आरमारी जहाजांचीही खानेसुमारी होऊ लागली, तीही मुलखाप्रमाणे न लावता जहाजाप्रमाणे लावलेली.

जहाजाचे नाव हाती लागले की लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरमाराची दप्तरे उघडता येतात. हजेरीपटात मरीनांची यादी खलाशांपासून वेगळी असते. भरतीच्या कागदांत वय, जन्मगाव, आधीचा धंदा. वर्णनाच्या वह्यांत उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग. 1842 नंतर भरती झालेल्यांसाठी नोकरीच्या नोंदवह्या, त्यांत कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत हे तारखांनिशी. मात्र ही दप्तरे तुकडीवार लावलेली आहेत: चॅटम, पोर्टस्मथ, प्लिमथ आणि 1869 पर्यंत वुलिच. तुकडी माहीत नसेल तर एकाच नावाच्या अनेक सैनिकांतून आपला कोणता ते सांगणे कठीण. कुटुंब पुढे ज्या गावात स्थिरावले त्यावरून तुकडीचा अंदाज बांधता येतो, कारण मरीन सहसा आपल्या बराकीच्या आसपास संसार मांडी.

बापाच्या रुजू होण्याची आणि सुटण्याची तारीख मिळाली की मुलाच्या जन्माची चौकट आपोआप आखली जाते. खानेसुमारीतले वय एखाद्या वर्षाने इकडेतिकडे असतेच, पण चौकटीच्या बरेच बाहेर पडले तर बाप चुकीचा धरला आहे असे समजावे. एकाच कागदावरून कुणाला आजोबा म्हणू नये. बाप्तिस्मा आरमाराच्या पाद्र्याने दिलेला असे. सेंट हेलेनाला स्वतंत्र बिशप 1859 मध्ये मिळाला, असेन्शन त्याच्याच धर्मप्रांतात आले आणि जॉर्जटाउनच्या सेंट मेरी चर्चचा अभिषेक 1861 मध्ये झाला. तेव्हा चर्चच्या वाटेने जाणाऱ्याने सेंट हेलेनाकडेही वळावे. शिवाय 1837 पासून समुद्रावरच्या जन्मांचे वेगळे रजिस्टर इंग्लंडमध्ये होते, तेही पाहायला हवे.

मृत्यूंचा माग काही वेळा जन्मांपेक्षा लवकर लागतो. 1823 मध्ये ‘बॅन’ आणि 1838 मध्ये ‘बोनेटा’ या जहाजांबरोबर ताप बेटावर आला. ‘बोनेटा’च्या आजाऱ्यांना वस्तीपासून दूर एका खाडीजवळ ठेवले गेले आणि तिथेच त्यांच्या कबरी झाल्या.

आता आफ्रिकी माणसांकडे वळू. बेटावर आणि ताफ्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या ‘क्रू’ जमातीचे लोक काम करत. हजेरीपटात त्यांची नावे आहेत, पण ती खलाशांनी थट्टेने ठेवलेली. केप टाउनजवळच्या सायमन्स टाउनमध्ये क्रू लोकांच्या कबरींवर ‘बॉटल ऑफ बिअर’, ‘फ्लाइंग फिश’ अशी नावे कोरलेली आहेत. इंग्रज सैनिकाच्या मुलाला निदान बापाचे आडनाव कागदावर मिळते. क्रू माणसाचा वंशज मात्र पगाराची रक्कम आणि एक टवाळी यांपलीकडे फारसा जाऊ शकत नाही. दप्तर दोघांसाठी एकाच आरमाराने ठेवले होते, यात मला त्याचा निर्दयपणा दिसतो.

मुंबई इलाख्यालाही असाच समुद्रापारचा तळ होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातले अधिकारी हेन्स यांनी जानेवारी 1839 मध्ये एडन घेतले आणि ते 1932 पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली राहिले. एडनमधल्या युरोपीय मुलांचे बाप्तिस्मे मुंबई इलाख्याच्या चर्चविवरणांतून लंडनला जात, आज ती विवरणे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईच्या फौजेत कोकणातले शिपाई पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कुणाचे मूल परमुलखातल्या तळावर जन्मले असेल तर बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचे नाव येण्याचे कारणच नव्हते. तिथेही वाट बापाच्या नोकरीतूनच जाते. 1777 मध्ये उभी राहिलेली मुंबईची मरीन बटालियन पुढे 121वी पायोनियर्स झाली, म्हणजे पलटणीचे नावसुद्धा काळाप्रमाणे बदलते.

असेन्शन 1922 पर्यंत आरमाराकडे होते, मग मरीन निघून गेले आणि बेट सेंट हेलेनाला जोडले गेले. तिथे जन्मल्याने तिथे राहण्याचा हक्क आजही मिळत नाही. शोधाची सुरुवात बेटापासून नव्हे, नोकरीच्या कागदांपासून होते, तेव्हा वाचकांनी आधी घरची ट्रंक पाहावी. पणजोबांचा डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, एखादे पदक सापडले तर पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि पलटणीचे किंवा जहाजाचे नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि पदक पॉलिश करायला देऊ नये, कारण त्यात कडेवरची अक्षरे झिजतात.