इंग्रजी वाक्यात कॅपिटल अक्षर कुठे आणि का

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. त्यामुळे मराठीभाषक इंग्रजीत लिहू लागला की कॅपिटल अक्षर त्याला अनेकदा शिष्टाचाराचा भाग वाटते. अर्जातील ‘प्रिन्सिपल’, ‘ऑफिस’, ‘डिपार्टमेंट’ हे शब्द वाक्यात कुठेही आले तरी आदरापोटी मोठ्या अक्षराने लिहिले जातात. आदरार्थी अनेकवचनाची सवयच येथे वेगळ्या रूपात उतरते. इंग्रजीत मात्र हे अक्षर प्रामुख्याने एवढेच सांगते की, पुढचा शब्द कोणा एका व्यक्तीचे, स्थळाचे, संस्थेचे किंवा समाजाचे नाव आहे.

वाक्याचा आरंभ आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ यांविषयी वाद नाही. वार, महिने, भाषा व राष्ट्रीयत्व यांनाही कॅपिटल लागते. ऋतूंना लागत नाही. म्हणून ‘मराठी’ हा विषय मोठ्या अक्षराने, तर ‘हिस्टरी’ हा विषय सर्वसाधारण उल्लेखात लहान अक्षराने लिहितात. ‘माझी आई’ म्हणताना ‘मदर’ लहान राहते. पण आईला नावाप्रमाणे हाक मारताना तोच शब्द मोठा होतो. ‘साउथ’ ही दिशा लहान, ‘साउथ इंडिया’ हा प्रदेश मोठा.

खरा गोंधळ पदनामांत होतो. नावाच्या लगेच आधी आलेल्या ‘प्राइम मिनिस्टर’ला कॅपिटल देण्याबाबत सर्वसाधारण एकमत आहे. पद एकटेच आले, तर अनेक वृत्तसंस्थांच्या शैलीपुस्तिका ते लहान अक्षराने लिहायला सांगतात; भारतातील सरकारी कागदपत्रांत ते बहुधा मोठेच असते. दोन्ही पद्धती रूढ आहेत. एकाच मजकुरात दोन्ही मिसळणे हा मात्र निष्काळजीपणाच.

करारपत्रांत कॅपिटलला वेगळे वजन असते. आरंभी व्याख्या दिलेला शब्द, उदाहरणार्थ ‘प्रॉपर्टी’, पुढे मोठ्या अक्षराने आला की त्याचा अर्थ त्या व्याख्येपुरता बांधला जातो. विज्ञानात तर आकारासरशी मूल्यच बदलते. एककाच्या चिन्हाआधीचे लहान ‘एम’ म्हणजे मिली, मोठे ‘एम’ म्हणजे मेगा. मिलिवॉट आणि मेगावॉट यांत एक अब्जपट अंतर आहे. आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’ या शास्त्रीय नावात पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. दुसरा शब्द भारतावरून आलेला असूनही लहानच राहतो, कारण प्रजातिवाचक शब्दाला कॅपिटल न देण्याचा तेथील नियम आहे.

कॅपिटलचा आदराशी काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी रूढ असलेला ‘निग्रो’ हा शब्द, जो आज कालबाह्य व अवमानकारक मानला जातो, वृत्तपत्रे लहान अक्षराने छापत. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ मधील ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या अभ्यासग्रंथात तो जाणीवपूर्वक मोठ्या अक्षराने लिहिला; ऐंशी लाख अमेरिकी नागरिक एका कॅपिटल अक्षराला पात्र आहेत, अशी त्यांची भूमिका होती. इतर समाजांची नावे मोठ्या अक्षराने आणि यांचेच लहान, हा भेद त्यांना मान्य नव्हता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा बदल १९३० मध्ये स्वीकारला.

नव्वद वर्षांनी तोच प्रश्न ‘ब्लॅक’ या शब्दाबाबत उभा राहिला. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये, असोसिएटेड प्रेसने समाजवाचक ‘ब्लॅक’ला कॅपिटल देण्याचे ठरवले, रंगवाचक शब्द लहानच राहिला. ‘व्हाइट’ लहान ठेवण्याचा निर्णय या संस्थेने पुढच्या महिन्यात घेतला, तर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दोन्ही शब्दांना मोठे अक्षर दिले.

मराठीतून इंग्रजीत गेलेल्या ‘दलित’ शब्दाचे उदाहरण याच जातीचे आहे. मराठीत तो मूळचा विशेषण. इंग्रजी वृत्तपत्रांत तो बहुधा मोठ्या ‘डी’ने छापला जातो, म्हणजेच समाजाने स्वतःसाठी स्वीकारलेले नाव म्हणून. राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात ‘शेड्युल्ड कास्ट्स’लाही मोठीच अक्षरे आहेत, कारण अनुच्छेद ३४१ नुसार निर्दिष्ट केलेल्या जातींपुरतीच ती संज्ञा मर्यादित आहे. सर्वसाधारण अर्थाचा ‘कास्ट’ लहानच लिहायचा.