नामकरण आणि नामगोपन

वर्गांत हजेरी घेतांना एक गोष्ट नेहमीं माझ्या ध्यानांत येते. नांव पुकारलें कीं तें साठहि मुलांच्या कानीं पडतें. उत्तर मात्र एकच देतो. संगणकांच्या स्थानिक जाळ्याची मूळ व्यवस्था या हजेरीहून फारशी निराळी नाहीं.

१९७३ च्या मे महिन्यांत झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील संशोधनसंस्थेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं एक टिपण लिहून आपल्या योजनेस 'ईथरनेट' हें नांव दिलें. प्रकाशलहरी वाहून नेणारें सर्वव्यापी ईथर पदार्थविज्ञानानें केव्हांच त्याज्य ठरविलें होतें. त्याचें नांव आतां एका तांब्याच्या तारेस लाभलें! सर्व यंत्रें एकाच तारेस जोडावयाचीं, एकानें धाडलेला मजकूर सर्वांपर्यंत पोंचावयाचा, परंतु आरंभीं ज्याचा क्रमांक असेल त्यानेंच तो उचलावयाचा, अशी ही रीत होती.

या पहिल्या जाळ्यांत क्रमांकास अवघे ८ बिट, म्हणजे २५६ संख्या होत्या. एका इमारतीस त्या पुरत. पण दोन इमारतींचीं जाळीं जोडलीं, तर एकच क्रमांक दोन यंत्रांकडे निघावयाचा. १९८० सालीं डिजिटल, इंटेल व झेरॉक्स यांनीं मिळून जें प्रमाण प्रसिद्ध केलें, त्यांत क्रमांक ४८ बिटांचा झाला. त्यामागील विचार योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनीं १९८१ च्या एका निबंधांत मांडला. यांपैकीं दलाल हे मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर, हें आपणांस विशेष वाटावें. यंत्र कोठेंहि न्या, त्याचा क्रमांक जन्मापासूनच त्याचा व जगांत एकमेव असावा, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी संख्या मावतात. पहिले २४ बिट सामान्यतः उत्पादकाची ओळख सांगतात. उरलेले २४ तो आपल्या प्रत्येक यंत्रास वेगळे देतो. ही वांटणी प्रथम झेरॉक्सकडे होती, पुढें ती आय. ई. ई. ई. या संस्थेकडे गेली.

कालांतरानें सामाईक तार गेली व 'स्विच' आला. प्रत्येक मजकुरावर धाडणाऱ्याचाहि क्रमांक असतो. तो पाहून कोणतें यंत्र कोणत्या दाराशीं आहे, हें स्विच शिकून ठेवतो. ज्याचा ठाव लागला नाहीं, त्याच्यासाठीं मात्र तो सर्व दारीं हांक देतो.

येथवर सारें ठीक होतें. कारण यंत्र मेजावर होतें. तें खिशांत आलें तेव्हां अर्थ पालटला. फोन बिनतारी जाळें शोधतांना आपला क्रमांक उच्चारूं लागला, आणि तो टिपून ठेवणाऱ्यास माणसाची ये-जा कळूं लागली. म्हणून २०१४ पासून ॲपलच्या फोनांनीं अशा शोधाच्या वेळीं यदृच्छेनें घेतलेला क्रमांक सांगण्यास आरंभ केला. पुढें इतरांनींहि तोच मार्ग धरला.

मजकूर योग्य स्थळीं पोंचावा म्हणून अढळ नांव हवें, असें एका पिढीनें ठरविलें. तें अढळ असूं नये म्हणून दुसरी पिढी खटपट करीत आहे. दोघींचेंहि खरें आहे. हजेरीपुस्तकांतील नांव वर्गांत उपयोगी. पण विद्यार्थी फाटकाबाहेर पडल्यावर तें पुस्तक घेऊन त्याच्यामागें कोणी हिंडूं नये, एवढेंच.